कारवान कुत्रं कोकणात, आंब्याच्या बागेत राहील का?

बागवाला_गुहागर
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमची कलमांची बाग आहे. कैरी धरली की वानरांची टोळी उतरते, आणि रात्री रानडुकरं खालचं सगळं उकरून ठेवतात. अगदी जेरीस आलोय. चुलतभाऊ सोलापूरला असतो. त्याने तिकडे कारवान कुत्रं सशामागे सुटलेलं पाहिलं, तेव्हापासून पिल्लू आणून देतो म्हणून मागे लागलाय. मला शिकारी कुत्र्यांतलं काही कळत नाही. अंगाने कसं असतं, स्वभाव कसा, आपला पावसाळा त्याला झेपेल का? घरात म्हातारी आई आणि सहा वर्षांची मुलगी आहे. वाडीत कोंबड्या सगळ्यांकडेच आहेत. कोणी पाळलं असेल तर सविस्तर सांगा.

कुडाळचो_झील
बागेच्या राखणीक गावठी कुत्रोच बरो. दोन ठेव. भुकूक लागले की माकडा झाडार रवणत नाय. ह्यो शिकारीचो कुत्रो भुकता तरी किती?

हरणीची_आई
दादा, माझं माहेर जत, सासर देवगड. वडिलांकडे कारवान पहिल्यापासून. मी चालायला शिकले ती कारवानाच्या पाठीला धरून. आता इथे माझी हरणी आहे, तीही कारवानच. म्हणून आधी उत्तर देते, कारणं मग. माकडांसाठी आणू नका. कुत्र्याची हौस असेल, त्याला रोज पळवायला माणूस असेल, तर जरूर आणा, आणि आनंदाने आणा.

हे कुत्रं दख्खनच्या माळावरचं. नजरेने शिकार धरायची आणि पळून गाठायची, यासाठीच त्याचं अंग घडलंय. डोकं लांब, निमुळतं. डोळे मोठे, लांबट. कान डोक्याला चिकटून लोंबणारे. छाती खोल, आणि तिथून पोट एकदम वर चढलेलं. नर खांद्यापाशी साधारण 68 ते 72 सेंमी, मादी 64 ते 68, आणि एवढ्या उंचीला वजन 22 ते 28 किलोच. कमरेची हाडं वर दिसतात, शेवटच्या बरगड्याही दिसतात. हे निरोगी कारवान. देवगडात हरणीला बघून येणारा जाणारा विचारतो, हिला खायला घालत नाही का? घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई मायेने भात घालघालून कुत्र्याला गोल करतील आणि त्याचे सांधे जातील.

तिचं पळणं बघायचं तर ओहोटीला पुळणीवर. पूर्ण वेगात असताना एका झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा ताणलेलं असताना. ओल्या वाळूत ते छापून राहतं: मागच्या पायांचे ठसे पुढच्यांच्याही पुढे पडलेले, असे चार ठसे, मग लांबच लांब कोरी वाळू, मग पुन्हा चार. मी कितीतरी वेळा तिथे नुसती उभी राहून ते बघते. सड्यावर मात्र सोडू नका. कातळाने तळवे सोलतात. कातडी इतकी पातळ की करवंदीच्या जाळीत शिरली तरी चिरते, काटेरी तारेचं तर विचारूच नका.

आता स्वभाव, कारण लोक फसतात ते इथे. परक्याने अंगाला हात लावलेला हरणीला खपत नाही. चावत नाही, गुरगुरतही नाही, सरळ उठून लांब जाऊन बसते. घरच्यांतही एक माणूस तिचं खास असतं, बाकीच्यांना ती मान देते. आवाज चढवलेला तिला सोसत नाही; सासरे एकदा तिच्यावर ओरडले, तर कितीतरी दिवस ती त्यांच्या खोलीकडे फिरकली नाही. मारून शिकवलं तर कुत्रं भेदरट होतं आणि ते भय मग जन्मभर जात नाही. पण प्रेमाने वाढवलं तर घरात इतकं शांत कुत्रं दुसरं नाही. सकाळी पळून आली की दिवसभर पडवीत पडून असते. तुमच्या मुलीबरोबर छान जमेल, फक्त झोपलेली असताना गळ्यात पडू नको, एवढं मुलीला शिकवा.

भुंकते फार कमी, कुडाळचे दादा बरोबर बोलले. वानर फांदीवर चढलं की हरणीच्या लेखी विषय संपला. आणि रानडुकरावर चुकूनही सोडू नका. सुळ्याने फाडून ठेवेल, शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हाच आहे. सशाचंही तेच, भावाला सांगा.

खरा तंटा होईल तो कोंबड्यांवरून. समोर काही धावलं की तिला हाक ऐकू येत नाही. पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वावरलं तर घरच्या ओळखते, शेजारच्या नाही. गडगा तर ती सहज उडून जाते.

पशुवैद्य_चिपळूण
ताईंनी छान लिहिलंय. दोनच गोष्टी जोडतो. आपल्याकडे भातखाचरांतलं पाणी आणि उंदीर, त्यामुळे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, लस दरवर्षी, पावसाच्या आधी. गोचीडतापही भरपूर, आठवड्याला कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघा. दुसरं, अंगावर चरबी नसल्याने ग्रेहाउंड या शर्यतीच्या विलायती कुत्र्याच्या जातकुळीतल्या कुत्र्यांवर थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा असर लवकर उतरत नाही. ऑपरेशनची वेळ आली तर जात आधी सांगा. आणि रात्री घरात घ्या. बिबट्या पहिला कुत्राच उचलतो.

बागवाला_गुहागर
सगळ्यांचे आभार. वानरांसाठी दोन गावठी बघतोच. पण ताई, तुमचं वाचून हे कुत्रंही हवंच असं वाटायला लागलंय. पिल्लू कुठून घ्यावं, काय बघावं?

हरणीची_आई
फार बरं वाटलं, दादा. अस्सल कारवान कमी होत चाललीत, ग्रेहाउंडशी संकर करून विकणारे खूप. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे याच जातीवर काम चालतं. आधी तिथे चौकशी करा. कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या एका क्लबच्या कागदावर कॅरव्हान हाउंड आणि दुसऱ्याच्या कागदावर मुधोळ हाउंड लिहिलेलं दिसेल, गोंधळू नका. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी पंचम जॉर्जला जोडी भेट दिली ती हीच कुत्री. 2005 साली टपाल तिकिटावर आली, 2016 साली लष्कराने मेरठला प्रशिक्षणाला नेली. कान, पाय, शेपटीला रेशमी झालर असलेली पश्मी त्यांच्यातलीच, आणखी दुर्मीळ. पण आपल्या दमट हवेत ती झालर ओली राहून कातडी खराब होते. तुम्ही आखूड केसांचंच घ्या.

पिल्लाआधी आई बघा. ती कोपऱ्यात थरथरत असेल तर परत या. लांब राहून शांतपणे तुम्हाला न्याहाळत असेल तर ती चांगली. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका.

आणि जूनमध्ये आणू नका. दिवाळीच्या सुमारास आणा, म्हणजे पावसाआधी सहा-सात महिने मिळतील. त्या काळात रोज कोणीतरी नवं माणूस घरी येऊ दे, पोस्टमन, गडी, मासेवाली, सगळ्यांच्या हातून एकेक घास खाऊ दे. बाजारात न्या, एसटी स्टँडवर न्या. खाली गोणपाट किंवा जुनी घोंगडी घाला, उघड्या फरशीवर कोपरांना घट्टे पडतात. बागेतल्या विहिरीला कठडा नसेल तर तो पिल्लू यायच्या आधी बांधून घ्या.