मदत हवी आहे : संभाजीनगर–मुंबई विमान आणि पुढचं आंतरराष्ट्रीय विमान, मधे किती वेळ ठेवावा?

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण 280 किलोमीटर. ताशी 700च्या वेगानं हिशोब केला तर पंचवीस मिनिटांत पोचायला हवं, पण वेळापत्रकात तासभर दिसतो. ते बरोबरच आहे: ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. एवढ्याशा अंतरात वर चढणं संपतं न संपतं तोच खाली उतरणं सुरू होतं, पूर्ण वेग फार वेळ मिळतच नाही. त्यात मुंबईत उतरायला रांग, पावसाळ्यात तर आकाशातच घिरट्या.

तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरची (स्वतंत्र बुकिंगची) आहेत. म्हणजे मुंबईत पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, परत चेक-इन करायचं, टर्मिनल 1ला (टी-1) उतरलो तर टर्मिनल 2पर्यंत (टी-2) रस्त्यानं जायचं. आंतरराष्ट्रीय काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

मधे पाच तास पुरतील का? की जालना-बीडकडचे लोक आदल्या रात्रीच रेल्वेनं निघतात? जुलै-ऑगस्टमध्ये असं गेलेल्यांनी कृपया सांगा. एकच पीएनआर घेतला तर चिकलठाण्यालाच बॅगेला शेवटच्या मुक्कामाचा टॅग लावून देतात का, तेही कळवा.