भरतीची वेळ तिथीवरून कशी काढायची? आणि पौर्णिमेलाही उधाण का?

मनवा: अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर मुलांना ओहोटीत चालत न्यायचं आहे. त्यानिमित्ताने तीन शंका. कॅलेंडर बघून ओहोटीची वेळ काढता येते का? पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या दोन बाजूंना असतात, म्हणजे त्यांची ओढ एकमेकींना मारक ठरायला हवी. मग उधाण कसं येतं? आणि मुंबईत साडेचार-पाच मीटरची भरती, तर गोव्यात जेमतेम दोन, असं का? समुद्र तर एकच आहे.

खाडीकाठ: वेळेचं सांगतो. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी किंवा नंतर. पाऊण तासाचं कारण असं की पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटं लागतात.

पण हा अंदाज आहे, तासभर चुकू शकतो. उधाणाच्या दिवसांत वेळ रोज ५० मिनिटांपेक्षा कमी सरकते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास चढउतार सर्वांत कमी असतो तेव्हा, तासापेक्षाही जास्त. म्हणून निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

किल्ल्यासाठी द्वितीया ते चतुर्थी बरी. पूर्ण ओहोटी सकाळी आठ-नऊच्या आसपास येते आणि पाणीही बरंच मागे जातं. अष्टमी-नवमीला ओहोटी दुपारी पडते म्हणून सोयीची वाटते, पण तेव्हा भांग असतो. पाणी पुरतं हटत नाही, वाटेत राहतं.

परतीचं गणित नीट ध्यानात ठेवा, लोक इथेच फसतात. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग धरले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे भाग भरतात. एकूण चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटीमीटर, दुसऱ्यात ६० आणि तिसऱ्यात तब्बल ९०. पहिला तास समुद्र निवांत दिसतो, तेवढ्यावर विसंबू नका. ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात परतीला लागा. पावसाळ्यात मात्र हा बेतच नको.

ध्रुवमत्स्य: पौर्णिमेची शंका अगदी रास्त आहे. भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते. चंद्राकडच्या पाण्यावर ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. म्हणून पाणी दोन्ही बाजूंना फुगतं. सूर्यही असेच दोन फुगवटे तयार करतो. तो समोर असो की पाठीमागे, तिघं एका रेषेत आले की चारही फुगवटे जोडीजोडीने एकमेकांवर पडतात. अष्टमीला सूर्याचा फुगवटा चंद्राच्या उतारावर येतो, तोच भांग.

सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पट आहे. पण हा फरक अंतराच्या घनाने घटतो, त्यामुळे भरतीत सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही किंचित कमी, सुमारे ४६ टक्के. आणखी एक: सर्वांत मोठं उधाण ऐन पौर्णिमा-अमावास्येला नसतं, एक-दोन दिवस उशिरा येतं. पाण्याला हलायला वेळ लागतो.

खाडीकाठ: मुंबई-गोव्याचा फरक तळाचा आहे. मुंबईसमोर उथळ समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर पसरलेली आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. भरती ही एक लांबच लांब लाट आहे. ४,००० मीटर खोल पाण्यात ती ताशी ७०० किलोमीटरने धावते, ५० मीटर खोलीत ताशी ८० वर येते. मागचं पाणी पुढच्यावर चढतं, उंची वाढते. खंभातच्या आखातात भर म्हणून किनारे नरसाळ्यासारखे जवळ येतात, म्हणून भावनगरला हा चढउतार दहा मीटरपर्यंत जातो.

मनवा: मग ४.८ मीटरची भरती म्हणजे तेवढ्या उंच लाटा?

ध्रुवमत्स्य: नाही. ती उंची नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजतात आणि ही पातळी नीचतम ओहोटीच्या जवळ धरलेली असते. मुंबईत सरासरी समुद्रपातळीच त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती सरासरीपेक्षा २.३ मीटर वर. लाटा त्याच्यावर वेगळ्या. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर आणखी चढतं, आणि कोष्टकात हे धरलेलं नसतं. पावसाळ्यात मोठी भरती भर दुपारी येते. तेव्हा समुद्र नाल्यांच्या तोंडापेक्षा वर असतो, त्यामुळे पाऊस पडला की शहरातलं पाणी आपोआप उतरत नाही, पंपांनी उपसावं लागतं.