हॉर्नवरून गाडीचा वेग काढला, पण दोन वेगळी उत्तरं आली

रूळबाजू:
फाटकाबाहेरच्या रस्त्यावर, रुळापासून साधारण 20 मीटरवर उभं राहून एक्स्प्रेसचा हॉर्न फोनवर घेतलाय. गाडी येताना 438 हर्ट्झ, गेल्यावर 368 (डॉप्लर परिणाम: आवाज जवळ येताना सूर वरचा लागतो, दूर जाताना खालचा). सरासरी 403 ही मूळ वारंवारता धरली, ध्वनीचा वेग 343 मी./से. धरला. येतानाच्या आकड्यावरून ताशी 99 किमी निघतात, जातानाच्या आकड्यावरून 117. तेवढ्यात गाडीने वेग वाढवला असणं शक्य नाही. शिवाय गाडी जवळ येईल तसा सूर चढत जायला हवा ना? आलेखात रेघ सपाट आहे, मग एकदम घसरते. तापमान 33 अंश होतं.

पट्टी_काळी_दोन:
घोळ सरासरीत आहे. तुम्ही गाडीत आणि घंटा फाटकावर असती तर सरासरी चालली असती, कारण ऐकणारा हलतो तेव्हा वारंवारता जेवढी वाढते तेवढीच घटते. इथे हॉर्नच पळतोय. त्यात पुढची वाढ मागच्या घटीपेक्षा जास्त असते, म्हणून मूळ वारंवारता सरासरीच्या खाली येते: 2 × 438 × 368 ÷ 806 = 400.

खरं तर ती काढायचीही गरज नाही. दोन्ही वारंवारतांचा फरक भागिले त्यांची बेरीज, गुणिले ध्वनीचा वेग. 343 हा 20 अंशांचा आकडा झाला, 331.3 + 0.606 × तापमान, म्हणजे तुमच्याकडे 351. 351 × 70 ÷ 806 = 30.5 मी./से., ताशी 110 किमी.

(438 ते 368 म्हणजे कोमल गंधारावरून थेट षड्ज. 1845 साली डच शास्त्रज्ञ बाईज बॅलटने उट्रेख्तजवळ आगगाडीवर तुतारीवाले बसवून हा डॉप्लर परिणाम तयार कानांनीच तपासला होता.)

विंडो_8192:
सपाट रेघ बरोबरच आहे. जवळ येताना चढतो तो आवाजाचा जोर, सूर नाही. कानाला तो सूर चढल्यासारखा वाटतो. सूर ठरतो गाडीचा तुमच्या दिशेने वेग किती यावर, आणि 100 मीटर लांब असेपर्यंत तो पूर्ण वेगाच्या 98 टक्के असतो. बरीचशी घसरण इंजिन समोरून जाताना दोनेक सेकंदांत उरकते. त्या उतारावरचे आकडे घेऊ नका, दोन्ही टोकांचे सपाट तुकडे घ्या.

ऑडॅसिटीत (आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमधे) विंडो, म्हणजे एका वेळी तपासायचे नमुने, किती ठेवली होती? सेकंदाला 44100 नमुन्यांच्या रेकॉर्डिंगला 2048 ठेवली तर आलेखात वारंवारतेचं एकेक घर 21.5 हर्ट्झचं होतं. 8192 ला 5.4. एका बाजूला एवढंसं चुकलं तरी उत्तर ताशी 8 किमीने हलतं. त्यापेक्षा तिसरा हार्मोनिक मोजा, म्हणजे त्याच सुराची तिप्पट वारंवारतेची, येताना 1300 च्या आसपासची रेघ. तिथे फरक तिप्पट दिसतो, चूक तिसऱ्या हिश्श्यावर येते. हॉर्नला एकाहून जास्त सूर असतात, तेव्हा आधीची आणि नंतरची रेघ एकाच सुराची आहे ना, हे बघा. फोनमधलं नॉइज रिडक्शनही बंद करा, सलग वाजणारा हॉर्न ते गोंगाट समजून पुसतं.

रूळबाजू:
2048 च होती! वाऱ्याचं काय? चांगलाच होता.

पट्टी_काळी_दोन:
सोडून द्या. ताशी 18 किमी वारा रुळाच्या दिशेने असला तरी उत्तरात अर्ध्या किमीचाही फरक पडत नाही. खरी अडचण वेगळी: हॉर्न ‘सी/फा’ (सीटी/फाटक) बोर्डापासून वाजतो आणि फाटकाशी थांबतो, त्यामुळे तिथे जातानाचा तुकडा मिळेलच असं नाही. बोर्ड आणि फाटक यांच्या मधे, रेल्वेच्या हद्दीबाहेरून घ्या.

रूळबाजू:
8192 वर तिसरा हार्मोनिक: 1315 आणि 1103. ताशी 111.