आई-बाबांना घेऊन मोहावे वाळवंटातून लेक मीडला कॅम्पिंग, मार्चमध्ये जमेल का?

सांगलीकर_एलए:
नमस्कार मंडळी, आई-बाबा सांगलीहून आलेत आणि मार्चअखेर मुलांना सुट्टी आहे, तर लॉस एंजेलिसहून निघून एक रात्र मोहावेत होल-इन-द-वॉल कॅम्पग्राउंडला आणि पुढे दोन रात्री लेक मीड जलाशयाच्या काठी बोल्डर बीचवर तंबूत राहायचं असं डोक्यात आहे. आई म्हणते वाळवंट म्हणजे उकाडा, सुती साड्या पुरेत. बाबा ७१ चे, गुडघे दुखतात. कोणी वयस्कर माणसं घेऊन गेलंय का?

रानवाट:
हो, आम्ही सासू-सासऱ्यांना नेलं होतं. काकूंना सांगा स्वेटर, कानटोपी, मोजे सगळं घ्या. होल-इन-द-वॉल ४,४०० फुटांवर आहे, म्हणजे जवळपास महाबळेश्वरची उंची, आणि हवा एकदम कोरडी, सूर्य गेला की तासाभरात हुडहुडी भरते, आमच्या सासूबाईंनी पहाटेची वेळ गाडीत हीटर लावून काढली. काकांसाठी फोल्डिंग कॉट घ्याच, जमिनीवरून उठताना गुडघ्यांचे हाल होतात. वाटेत बार्स्टो गावात टाकी फुल करा कारण मोहावे प्रिझर्व्हच्या (वाळवंटाच्या संरक्षित भागाच्या) आत पेट्रोलपंप नाही, फोनला रेंजही जवळपास नाहीच, नकाशे आधी डाउनलोड करून ठेवा. आणि केल्सोच्या वाळूच्या टेकड्या चुकवू नका प्लीज, उतारावरून मुलं घसरली आणि वाळू कोरडी असली की आतून घुमल्यासारखा आवाज येतो, आमची पोरं अजून त्याबद्दल बोलतात!

नेवाडाची_स्मिता:
बोल्डर बीचला वाऱ्याचं बघा. जमीन खडकाळ आहे, तंबूबरोबर येतात त्या पातळ खुंट्या वाकतात, जाड लोखंडी घ्या. पाणी बरंच मागे गेलंय (डोंगरांवर पांढरा पट्टा दिसेल, पूर्वी पाणी तिथपर्यंत होतं), त्यामुळे गाडीपासून काठापर्यंत दगडगोट्यांतून चालावं लागतं, काकांना काठी द्या. लाइफगार्ड नाहीत, मुलांना लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात सोडू नका, फुगवलेली खेळणी वाऱ्यानं क्षणात आत जातात. आणि तिथं सावलीसाठी कण्हेर लावलेली आहे, तिच्या काड्या मक्याला किंवा पनीरला टोचून भाजू नका, विषारी असते.

सांगलीकर_एलए:
खूप आभार! कॉट आजच ऑर्डर केली. कण्हेरीचं वाचून दाखवलं तर आई लगेच म्हणाली, आपल्या परसात होती, तुला लहानपणी हात लावू देत नव्हते. आता नातवंडांवर तिचीच नजर राहील. भाकऱ्या तिथंच करायच्या म्हणते, वाऱ्यात गॅसची शेगडी पेटेल का?

रानवाट:
पेटेल, तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा लावा. पीठ घरूनच नीट चाळून न्या. आणि पाणी जास्तीचं घ्या, भाकरीला वेगळं, प्यायला माणशी रोजचं ४ लिटर.