शब्दचर्चा : ‘अंडरग्राउंड’ रॉकचा नॉस्टॅल्जिया मराठीत कसा म्हणावा?

प्रश्न

एका लेखाच्या पहिल्याच वाक्यात अडलो आहे. कॉलेजच्या वयात आम्ही चार-पाच जण जे रॉक ऐकायचो ते रेडिओवर लागायचं नाही आणि सहजी विकतही मिळायचं नाही. कुणाच्या तरी ओळखीतून कॅसेट भरून यायची. आम्ही त्याला अंडरग्राउंड म्हणायचो. आज तीस वर्षांनी त्यातलं काही कानावर पडलं की जे होतं, त्याला नॉस्टॅल्जिया म्हणतात हे माहीत आहे. पण दोन्ही शब्द तसेच ठेवले तर वाक्य माझं वाटत नाही. काही सुचतं का?

प्रतिसाद

स्मरणरंजन. चांगला रुळला आहे, बिनधास्त वापरा. ‘गतकातरता’ही आहे. त्यातला ‘कातर’ कातरवेळेतला, त्यामुळे त्याला दिवेलागणीची छटा येते. अंडरग्राउंडला ‘भूमिगत’ आहेच.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. पण स्मरणरंजनातलं ‘रंजन’ खटकतं. ते संगीत करमणुकीचं नव्हतं हो. त्यात राग होता, आणि आमच्यातही तो होता, फक्त आम्हाला तो बोलता येत नव्हता. ‘रंजन’ म्हटलं की त्यावर साय धरल्यासारखी वाटते.

प्रतिसाद

‘रंजन’ला इतक्यात बाद करू नका. धातू ‘रञ्ज्’, म्हणजे रंगणे, रंगून जाणे. रंग, रंजन आणि राग ही सगळी एकाच घरची. संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती. गाण्यातला राग तिथून आला, आणि चेहरा लाल करणारा आपला मराठी रागही तिथूनच. म्हणजे तुम्ही म्हणता तो राग स्मरणरंजनात आहेच. पण वाचणाऱ्याला धातू दिसत नाही, त्याला ‘मनोरंजन’च ऐकू येणार, हे मात्र मान्य.

‘नॉस्टॅल्जिया’ या मूळ शब्दात तर सरळ वेदना आहे. 1688 साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये प्रबंध लिहिताना तो घडवला. ग्रीक ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे दुखणं. मायदेशापासून दूर पडलेल्या माणसांना जडणारा आजार, असा तो अर्थ होता. परक्या फौजांत चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांशी तो पुढे कायमचा जोडला गेला. ठिकाणाची ओढ मागे पडून काळाची ओढ हा अर्थ नंतर आला. ते दुखणं गतकातरतेत उरलं आहे, स्मरणरंजनात नाही. त्यामुळे दोनांतून निवडायचं तर मी गतकातरता घेईन.

प्रतिसाद

मला ‘भूमिगत’बद्दल बोलायचं आहे, कारण तो शब्द आपण सरसकट वापरतो आणि त्याचं वजन घालवतो. गटार आणि रेल्वे सोडली तर मराठीत माणूस भूमिगत होतो. 1942 ने त्या शब्दावर शिक्का मारला आहे. भूमिगत व्हायला कुणीतरी मागावर असावं लागतं.

काही ठिकाणी रॉकच्या मागावर खरंच कुणीतरी होतं. कम्युनिस्ट राजवटीतल्या चेकोस्लोव्हाकियात, प्रागमधला ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा बँड 1968 मध्ये उभा राहिला. 1970 मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला, 1976 मध्ये धरपकड होऊन खटला चालला. त्या खटल्याने हादरलेल्या माणसांतून जानेवारी 1977 मध्ये ‘चार्टर 77’ ही मानवी हक्कांची सनद निघाली. त्यांच्या संगीताला बेलाशक भूमिगत म्हणा. सोव्हिएत रशियात तर युद्धानंतरच्या काळात वापरून टाकलेल्या एक्स-रे फिल्मवर तबकड्या कोरायचे. प्रकाशाकडे धरली की गाण्याच्या रेघांमागे कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या, आणि लोक त्यांना ‘बरगड्या’च म्हणायचे. पुढे टेपरेकॉर्डर आले तसा ‘सामिझदात’, म्हणजे स्व-प्रकाशन, या शब्दावरून ‘मॅग्निटिझदात’ असा जोडशब्द तयार झाला : टेपवरचं प्रकाशन.

पण न्यू यॉर्कमध्ये 1973 च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘सीबीजीबी’ या क्लबात वाजवणारी पोरं, किंवा ऐंशीच्या दशकात सिॲटलमध्ये वाजवणारी? त्यांच्या मागावर कुणी नव्हतं, त्यांना विचारत कुणी नव्हतं. या दोन्हींत फार फरक आहे. दुसऱ्यासाठी मी ‘आडवाटेचं’ म्हणेन. ‘समांतर’ नको, तो ऑल्टर्नेटिव्हला राखून ठेवा. जानेवारी 1992 मध्ये ‘निर्वाना’ या रॉक बँडचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, त्यानंतर त्या संगीताला अंडरग्राउंड म्हणायची सोयच राहिली नाही, सगळीकडे ऑल्टर्नेटिव्ह सुरू झालं. आडवाटेचा हमरस्ता झाला. तेव्हा आनंदही झाला होता आणि आपलं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखंही वाटलं होतं. त्या वाटण्याला शब्द मिळाला तर मलाही सांगा.

(जाता जाता : हाताने टाइप करून, प्रती काढून वाटलेल्या फॅनझिनला, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या मासिकाला, आपल्याकडे साठच्या दशकापासून ‘अनियतकालिक’ हा नेमका शब्द आहे. कुणी वापरत का नाही?)

प्रतिसाद

सगळी चर्चा वाचली. मला वाटतं आपण संस्कृतात शोधतोय, पण शब्द विहिरीत आहे : उमाळा.

विहीर खोदताना तळाशी खडकातून पाणी वर ढकललं जातं, तो उमाळा. आणि मायेचा, रडण्याचा येतो तोही उमाळाच. जमिनीखालचं आणि मनातलं एका शब्दात आणायचं तर याहून जवळचं मराठीत मला दिसत नाही. शिवाय उमाळ्यात गोडवाच असावा लागतो असं नाही. रागाचं पाणीही तसंच वर येतं.

तुम्ही ‘कॅसेट भरून यायची’ लिहिलंत, तिथे मी थांबलो. आपण कॅसेट ‘भरायचो’, हंडा भरतात तशी! माझ्याकडे त्यातली एक अजून आहे. नव्वद मिनिटांची, एका बाजूला पंचेचाळीस. वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मोडलेले, म्हणजे चुकून पुसली जाऊ नये. एकीकडच्या भोकावर सेलोटेप लावलेली, कारण नंतर कुणीतरी तीवर काहीतरी भरलंच. मूळ तबकडीपासून ती चौथ्या हातची असावी. प्रत्येक प्रतीला खरखर वाढते, ती ऐकून हात मोजता यायचे. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं पंचेचाळीसाव्या मिनिटाला, गाणारा एका शब्दाच्या मध्यात असताना, तुटतं. ते गाणं पुरं ऐकायला मला अकरा वर्षं लागली. पुरं ऐकलं तेव्हा ज्या जागी ते तुटायचं तिथे श्वास अडकला, आणि पुढचा भाग दुसऱ्याच कुणाचा वाटला. त्याला रंजन म्हणवत नाही. कातरताही नाही, कारण त्यात भ्यालेपण नव्हतं. खालून काहीतरी जोरात वर आलं एवढंच.

मूळ प्रश्नकर्ता

हाच. माझी कॅसेटही कुठल्या तरी गाण्याच्या मध्यात तुटायची. पहिलं वाक्य असं केलं आहे : ‘चौथ्या हातची ती कॅसेट लावली आणि आडवाटेच्या त्या संगीताचा उमाळा आला.’ ‘चौथ्या हातची’ तुमच्याकडून घेतलं, चालेल ना? आणि ‘आला’ बरोबर आहे की ‘फुटला’?

प्रतिसाद

घ्या की, शब्द काय माझा आहे! उमाळा येतो, दाटतो आणि फुटतोही. विहिरीला फुटतो तो पहिल्यांदा. तुमचं पाणी आधीपासून होतं, तेव्हा ‘आला’च ठेवा. फक्त ‘संगीताचा उमाळा’ नको, उमाळा भावनेचा असतो. ‘त्या संगीताने उमाळा आला’ करा.