50 वॅटचा पीए रिपीटरला लावताना
दादा, गाडीत लावायच्या जुन्या वायरलेस सेटचा 50 वॅटचा पीए (सिग्नलची ताकद वाढवणारा पॉवर अँप्लिफायर) आपल्या हॅम रेडिओच्या रिपीटरवर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा लांबवर पाठवणाऱ्या यंत्रावर, पूर्ण ताकदीने चालेल का, असं विचारलंत. कृपा करून नका चालवू. ते सेट थोडं बोलायचं, जास्त ऐकायचं अशा वापरासाठी बनतात. रिपीटर मात्र नेट (ठरलेल्या वेळी सगळ्यांच्या एकत्र गप्पा) सुरू झालं की तासभर ट्रान्समिटवरच असतो. सरळ 25 वॅटवर आणा. फरक 3 डीबीचा (डेसिबल), ऐकणाऱ्याला जेमतेम कळेल. माझा पहिला पीए मे महिन्यात गच्चीवरच जळून गेला. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) बोट लावता येत नव्हतं, पंख्याच्या पात्यांवर खाऱ्या हवेचा चिकट थर बसलेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मोठा हीटसिंक आणा. आणि हो, पीए 150 मेगाहर्ट्‌झच्या वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी बनलेला असेल तर आपल्या 145 मेगाहर्ट्झसाठी ट्रिमर (फ्रिक्वेन्सी जुळवायचे छोटे कपॅसिटर) पुन्हा जुळवावे लागतील, तेही डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायचा, ताकद जिरवणारा रेझिस्टर).