विषय: येळवस – टेंभ्याचं काय करायचं? आज रात्रीपर्यंत सांगा

सचिव:
मंडळी, शेतवाल्या काकांचा काल संध्याकाळी फोन आला होता. शनिवारी येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या रानातल्या पूजा-जेवणाला, जागा नक्की देतायत, शेडसमोरचं अंगणही मोकळं करून देतायत. पण दोन अटी आहेत. रानात काहीही पेटवायचं नाही, आणि गाड्या धसकटात घालायच्या नाहीत, फाटकाजवळच्या खडीवरच लावायच्या. गाड्यांचं मी बघतो. टेंभ्याचं काय? अण्णांनी पेंढ्या बांधूनही ठेवल्यात. काकांना आज रात्री उलट कळवायचंय.

अण्णा:
दोन वर्षं मागे लागून ही येळवस ठरली, म्हणून स्पष्ट लिहितो. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन रानाच्या कडेनं पळाल्याशिवाय आमच्याकडे येळवस पुरी होत नाही. नुसतं जेवून यायचं तर ती सहल झाली, सहल आपण मार्चमध्ये करतोच. पाण्याच्या चार बादल्या ठेवू, मी स्वतः उभा राहीन. काकांशी मला बोलू द्या.

पश्चिमेकडचे दादा:
अण्णा, मी इथल्या गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे, म्हणून मध्ये बोलतो. डिसेंबर म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात, आपल्या व्हिक्टोरिया राज्यात, गहू-बार्लीच्या काढणीचा महिना. कापणी यंत्राच्या तापलेल्या भागावर भुसा साचला तरी पेट घेतो, गाडीचा तापलेला सायलेन्सर वाळल्या धसकटाला लागला तरी पेटतं. काकांची दुसरी अट त्यासाठीच आहे. टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, बहुतेक वेळा आदल्या दिवशी संध्याकाळी जाहीर होतो, आणि तसा दिवस निघाला तर उघड्यावर पेंढी पेटवणं हा सरळ गुन्हा आहे. चार बादल्यांनी काही होत नाही. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत या राज्यात १७३ माणसं गेली. काकांच्या पिढीला तो दिवस विसरता येत नाही. त्यांना पुन्हा विचारूसुद्धा नका.

नागपूरकर ताई:
विषय निघालाच आहे तर विचारते, पोळ्याचं काय झालं? बैलांना धन्यवाद द्यायचा सण श्रावण अमावस्येला येऊन गेला आणि मंडळात कुणाला आठवणही नव्हती. तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी बैल सजवायला तर आगही लागत नाही.

लातूरच्या वहिनी:
ताई, लाकडी बैल माझ्याकडे दोन आहेत, सासरेबुवांनी पाठवलेले, चाकं नीट आहेत. पुढच्या श्रावणात तुम्ही पुढाकार घ्या, मी पुरणपोळ्या करते. येळवशीच्या भज्जीसाठी मात्र आत्ता माणसं हवीत. हरभऱ्याचे, तुरीचे आणि वाटाण्याचे दाणे फ्रोझन मिळाले. मेथी, पातीचा कांदा, गाजर ताजं आहे. चिंच माझ्याकडे आहे. शेंगदाणे कोण आणतंय? बाजरीच्या उंड्यांना (पिठाच्या वाफवलेल्या गोळ्यांना) दोघी तरी लागतील.

एक नवीन सभासद:
मी पुण्याची, मला येळवस माहीत नाही. भज्जी म्हणजे भजी का? आणि आंबील नाचणीची चालेल का? माझ्याकडे भरपूर पीठ आहे.

लातूरच्या वहिनी:
भजी नव्हे गं. सगळे दाणे, पालेभाज्या एकत्र शिजवून बेसन लावलेली घट्ट पातळभाजी, भाकरीशी खायची. आंबील ज्वारीचीच. आदल्या रात्री पीठ ताकात भिजवायचं, सकाळी शिजवून गार करायचं, मग पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. आंबट वास आला की जमली. नाचणीचीही छान लागते, पण येळवशीला रानात जे उभं असतं त्याचीच करायची. तू ये, भाकरी थापायला बस माझ्याशेजारी.

खजिनदार:
जागेचं भाडं किती लिहू? हिशेब माझ्याकडे येतो, आणि परस्पर ठरलेलं मला शेवटी कळतं.

सचिव:
भाडं नको म्हणाले. दोनदा विचारलं.

अण्णा:
दादांची मेल तीनदा वाचली. माझा हट्ट मी मागे घेतो, आणि का ते लिहितो.

मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे रब्बी हिरवीगार असते. ज्वारी पोटऱ्यात नाहीतर निसवलेली, हरभरा घाट्यावर, सकाळी दवानं धोतर गुडघ्यापर्यंत भिजायचं. त्या ओल्या रानात पेंढी घेऊन पळलो तरी काही होत नव्हतं. इथे त्याच दिवसांत रान वाळून खडखडीत झालेलं असतं. मी तिथली आग इथल्या रानात आणायला निघालो होतो. काकांच्या वर्षभराच्या कष्टावर ठिणगी पडली असती तर कसली येळवस.

लहानपणी आम्ही कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपटं) करायचो, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, लक्ष्मीची ओटी भरायची. वडील आंबिलीचं बिंदगं (घागर) काखेत धरून पुढे, आम्ही मागे, ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ ओरडत. निंबाच्या डहाळीनं आंबील उभ्या पिकावर शिंपायचे. ते शब्द कानडी मुलखातून आले म्हणतात. उत्तर कर्नाटकात याच अमावस्येला रानात चरग शिंपतात, आमच्याकडे त्याला चर म्हणतात. दाणा भरत असलेली काळी आई पोटुशी, तिला आधी घास, मग माणसांना. वडील पहिलं ताट सालगड्याच्या घरच्यांना वाढायचे, त्यांचं झाल्याशिवाय आम्हाला भाकरी मिळायची नाही. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं, जिल्हाधिकारी सुट्टी देतात, आणि ज्यांना रान नाही त्यांना ओळखीपाळखीचे रानात ओढून नेतात.

इथे बिनरानाचे आपण आहोत. बोलावणारे काका आहेत. तेव्हा पहिलं ताट त्यांच्या घरी जावं, आणि ते मी नेणार. सचिवांनी हे माझ्याकडे द्यावं.

राहिला चराचा प्रश्न. काकांचा गहू कापणीला आलाय, त्यावर आंबील शिंपायची नाही, तयार धान्य कुणी भिजवत नाही. मग कुठे शिंपायची?

पश्चिमेकडचे दादा:
अण्णा, माझ्या परसात ज्वारी आहे. बिया-खतांच्या दुकानात हिरवळीच्या खतासाठी ज्वारीचं बी मिळतं, ऑक्टोबरात दोन ओळी टाकल्या होत्या. आता कमरेएवढी आहे, कणीस नाही अजून. आमचं घर काकांच्या वाटेवरच आहे. सकाळी साडेआठला सगळ्यांनी आधी माझ्याकडे या, चर तिथे शिंपू, मग पुढे जाऊ. उपटून मात्र काही न्यायचं नाही, बूटही झटकून, पुसून यायचं. तणाचं बी काकांच्या रानात गेलेलं त्यांना चालत नाही, फाटकावर पाटीच आहे.

नागपूरकर ताई:
साडेआठ म्हणजे आम्हाला सातला निघावं लागेल. नऊ करा ना.

अण्णा:
नऊ करा. आमच्या रानातली ज्वारी २०१२ साली शेवटची बघितली, त्यानंतर जमीन विकली. दादा, तुमच्या दोन ओळींत मधल्या पाच धाटांना शेंड्याशी सैल बांधून कोप करता येईल का? झाड मोडायचं नाही, नुसती वरून माझी नवी शाल पांघरायची. आणि कमरेएवढी म्हणालात, ती तुमच्या कमरेएवढी की नातवाच्या?

पश्चिमेकडचे दादा:
माझ्या. आत्ता जाऊन बघून आलो. करा कोप.

लातूरच्या वहिनी:
आंबील शुक्रवारी रात्री भिजवते, चार लिटर. मातीची केळी (लहान माठ) कुणाकडे आहे का? नसेल तर स्टीलच्या कळशीत आणते, पण केळीत गार राहते. शेंगदाण्यांचं अजून कुणी बोललेलं नाही.